तिसऱ्या गाण्यातली बाई

आषाढ आला की आमच्या म्हैसूरमधल्या चामुंडीपुरमच्या घरात आधी वारा येतो. पाऊस म्हणावा असा नसतोच, नुसती भुरभुर. दोरीवरचे कपडे ना धड ओले ना धड कोरडे, आणि मग मी रोज सकाळी त्याच त्या टॉवेलला शिव्या घालत फिरते. शुक्रवारी उजाडायच्या आत चामुंडीदेवीच्या टेकडीकडे जाणाऱ्यांची रीघ लागते. केसांत शेवंतीचे गजरे, हातात नारळाची पिशवी, पायांत काही नाही. कोपऱ्यावर कुणीतरी मोठं पातेलं मांडून पुळियोगरे, म्हणजे चिंचेचा भात, वाटत असतं. आज घ्यायचा नाही असं ठरवून निघालेली मी द्रोण पुढं करतेच.

या महिन्यात इकडे लग्नं होत नाहीत. कार्यालयांना कुलपं. नुकतंच लग्न झालेल्या मुली माहेरी पाठवतात, कारण सासूनं आणि नव्या सुनेनं आषाढात एकच उंबरा ओलांडू नये अशी समजूत. लग्न होऊन साताऱ्याहून इथं आले त्या वर्षी मी सासूबाईंना हे कौतुकानं सांगितलं. त्या तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "शहाणी माणसं आहेत गं. मग तू कधी निघतीस?"

लग्नं नसली की बँडवाल्यांना काम नसतं, आणि बँडवाल्यांना काम नसलं की आमच्या मागच्या घरातून सॅक्सोफोन ऐकू येतो. ऐकू यायचा, असं म्हणायला हवं. यंदा आषाढ लागला, अर्धा सरला, स्वयंपाकघराची मागची खिडकी मी मुद्दाम उघडी ठेवली, पण तिकडून कुकरच्या शिट्टीखेरीज काही आलं नाही.

मागं राहतात शिवण्णा मेष्ट्रु. मेष्ट्रु म्हणजे मास्तर. वरातीत नवऱ्या मुलाच्या गाडीपुढं, रिसेप्शनला स्टेजच्या कडेला, पंगतीत पायसाची बादली फिरते तेव्हा कोपऱ्यात, असं त्यांचं उभं आयुष्य गेलं. वर्षभर सिनेमाची गाणी आणि देवाची गाणी. तरुणपणी बेंगळूरच्या कुठल्याशा हॉटेलात एका बँडबरोबर जाझ वाजवायचे म्हणे. ते हॉटेल गेलं, बँड गेला, जाझ मात्र यांच्या अंगात राहून गेलं. त्याबद्दल विचारलं की म्हणायचे, "होगलि बिडि." म्हणजे, जाऊ द्या. "तुम्हाला काय कळणार त्यातलं?" गर्विष्ठच आहेत तसे.

बरं, खरंच कळत नव्हतं. आमचे कान म्हणजे भावगीतं आणि फार झालं तर दिवाळी पहाट. पण आषाढातल्या दुपारी ते स्वतःसाठी वाजवायला बसायचे. त्यांचं ते टेनर जातीचं वाद्य, घसा बसलेल्या थोरल्या माणसासारखं बोलणारं. ओळखीची वाटेल अशी एक चाल धरायचे आणि मग ती सोडून कुठं फिरायला निघून जायचे. मी इकडे फोडणीत मोहरी टाकून उभी. येतोय का हा बाबा परत घरी? यायचे. दरवेळी वेगळ्याच गल्लीतून यायचे आणि मला उगीचच हायसं वाटायचं.

गेल्या वर्षी आषाढाच्या तोंडावर त्यांचे दात हलायला लागले. सॅक्सोफोन वाजवणाऱ्याला वरचे पुढचे दात वाद्याच्या तोंडावर टेकवावे लागतात. तो टेकू गेला की सगळंच गेलं. डेंटिस्ट म्हणाला, काढायलाच हवेत, फार तर हा महिना ढकलू. त्यांची मुलगी ललिता बेंगळूरला स्टुडिओत रेकॉर्डिंगचं काम करते. ती रजा टाकून आली. एवढ्या वरातींच्या पुढं चालला हा माणूस, पण स्वतःच्या नावाची एक रेकॉर्ड नाही. आता झाली तर या आषाढात, नाही तर कधीच नाही.

ती म्हणाली, स्टुडिओत या अप्पा, शांतपणे करू. अप्पा ऐकतात होय! "भिंतीला काय वाजवून दाखवू? समोर माणसं पाहिजेत. माणसं नसली की मी खोटं वाजवतो." आता आषाढात माणसं आणायची कुठून? त्यांचे नातेवाईक, ओळखीपाळखीचे, सगळे टेकडीच्या वाऱ्या करण्यात गुंतलेले. मी गच्चीत कपडे काढायला गेले होते. पलीकडून बापलेकीची वादावादी कानावर पडली आणि मी कठड्यावरून म्हणाले, "माणसं मी आणते."

उत्साह हा माझा जुना रोग आहे. आमच्या मराठी मंडळाचा वरच्या मजल्यावर छोटा हॉल आहे आणि आषाढात एका रविवारी आम्ही तिथं जमतोच. पुण्या-नाशकाकडून नोकरीसाठी आलेले आम्ही उपरे, आणि पिढ्यान्‌पिढ्या म्हैसुरात राहिलेली जुनी घराणी, ज्यांच्या मराठीत निम्मी कानडी. मंडळाचे रामराव त्या जुन्यांतले. त्यांना सांगितलं, तर जाझ म्हणजे काय हे त्यांनी विचारलंच नाही. "ते सगळं सरी अक्का, पण तिंडी काय?" सरी म्हणजे ठीक, तिंडी म्हणजे खाऊ, नाश्ता. मी म्हटलं, रेकॉर्डिंग आहे रामराव, खायचं नंतर बघू. "छे छे! माणसं बोलवायची आणि तिंडी नाही? असं कुठं असतं काय री?"

आणि घरात सासूबाई. त्यांना आम्ही सगळेच आई म्हणतो. कराडकडच्या, आषाढात आखाड तळल्याशिवाय त्यांचा महिना पुढं सरकत नाही. गूळ-कणकेच्या कापण्या, वरून खसखस लाटलेली, कढईतून काढल्या की खणखणीत वाजणाऱ्या. पाहुण्यांना कोरडं बसवायचं हे त्यांच्या रक्तातच नाही. मंडळातल्या बायकांना घेऊन त्यांनी डबेच्या डबे भरले.

आता गंमत बघा. मी दारात उभी राहून प्रत्येकाला बजावत होते. मोबाइल बंद करा. लहान मुलांना मागं बसवा. खोकला येत असेल तर आत्ताच खोकून घ्या. आवाज नको म्हणून मी हॉलचे पंखेसुद्धा बंद करायला लावले. आणि माझ्या शेजारीच आई आणि रामराव हसतमुखानं प्रत्येकाच्या हातात कागदी बशी देत होते. बशीत मूठभर कापण्या. एवढी माझी बुद्धी! जगातला सगळ्यात कडक पदार्थ मी माझ्या डोळ्यांसमोर वाटू दिला आणि मला त्यात काही वावगं दिसलं नाही. आमच्यात कुणालाच दिसलं नाही. खाऊ म्हणजे आवाज थोडाच.

मेष्ट्रु कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले होते. बरोबर कीबोर्ड, बास गिटार आणि ड्रम वाजवणारे त्यांच्याच वरातींतले जुने सोबती. पहिली दोन गाणी दणक्यात झाली. लोकांनी ताल धरला, रामरावांनी तर "भले!" अशी आरोळी ठोकली. मी सुखावून आईंकडे बघितलं. त्या मान डोलावत होत्या. मला वाटलं, चला, जमलं बाई.

मग तिसरं. एकदम संथ. वरातीत कुणी संथ वाजवायला सांगत नाही, म्हणून हे त्यांनी कधी लोकांसमोर वाजवलेलंच नव्हतं. आमच्या मागच्या खिडकीनं तेवढं ऐकलं होतं. ड्रमवाल्यानं काठ्या ठेवून तारांचे ब्रश घेतले. नुसती सळसळ. मेष्ट्रुंनी डोळे मिटले आणि पहिला सूर इतका हळू आला की तो सुरू कधी झाला ते कळलं नाही.

आणि कुटुक्.

मग दुसरीकडे कुटुक्. मग कुटुक्-कुटुक्. दणक्यात झाकलेलं सगळं आता उघडं पडलं. तोंडात घास असलेल्या माणसानं करावं काय? माझ्या पुढच्या रांगेतले एक निवृत्त बँकवाले फार सज्जन. ते हळूहळू चावायला लागले. हळू चावलं की कापणी काही गप्प होत नाही, तिचा आवाज लांबतो फक्त. माझ्याही गालात एक तुकडा होता. तो मी तसाच धरून ठेवला, गुळाचं पाणी घशाखाली उतरत होतं आणि माझे कान तापले होते. ललिता कोपऱ्यात हेडफोन लावून बसली होती. तिनं डोळे मिटून घेतले ते मला दिसलं.

मध्ये एका जागी मेष्ट्रु थांबले. सूर सोडला आणि मोठा श्वास घेतला, छातीतून ओढलेला, सगळ्या हॉलला ऐकू येईल असा. त्या शांततेत आमच्या आई माझ्या कानाकडे झुकल्या. आईंना कमी ऐकू येतं; त्यामुळे त्यांचं कानात बोलणं गल्लीच्या टोकाला पोचतं.

"अगं, पाणी द्या की कुणीतरी त्याला. दम लागलाय बिचाऱ्याला!"

धरणीनं पोटात घ्यावं म्हणतात ना, तसं झालं मला. मागून कुणीतरी फिसकन हसलं. मी मान खाली घातली आणि पायाच्या अंगठ्याकडे बघत बसले. पुढं मेष्ट्रुंनी काय वाजवलं, किती वाजवलं, देव जाणे. टाळ्या झाल्या तेव्हा मी वर बघितलं.

कार्यक्रम संपल्यावर मेष्ट्रु सरळ आमच्याकडे आले. चिडले होते. "काय खात होता हो तुम्ही सगळे? खडी?" आईंना वाटलं, मागतायत. त्यांनी पिशवीत हात घातला आणि मूठभर कापण्या त्यांच्या हातावर ठेवल्या. ज्या माणसाचे दात गळायला आलेत त्याला! मेष्ट्रु कापण्यांकडे बघत राहिले, मग माझ्याकडे. मी उगीच खुर्च्या आवरायला लागले.

दुसऱ्या दिवशी मी ललिताकडे गेले. तिच्या लॅपटॉपवर ते सगळं रेघांमध्ये दिसत होतं. म्हटलं, एवढं काढून टाक बाई. ती म्हणाली, "चावल्याचा आवाज बराच कमी करते. बोलणंही काढता येईल. पण आधी ऐका." तिनं आधी आईंचं वाक्य वगळून ऐकवलं. श्वास, मग लगेच सॅक्सोफोन. छानच की! मग तिनं वाक्यासकट लावलं.

त्या दिवशी अंगठ्याकडे बघत बसल्यामुळे मला जे ऐकू आलं नव्हतं, ते तेव्हा ऐकलं. आईंच्या वाक्याला एक चढउतार आहे. "पाणी द्या की" ला आवाज वर जातो, "कुणीतरी त्याला" ला उतरतो, आणि "दम लागलाय" ला थोडा फाटतो. मेष्ट्रुंनी अगदी तसाच चढ, तसाच उतार, तसंच फाटणं सॅक्सोफोनवर घेतलं होतं. मराठी येत नाही त्यांना. शब्द सोडून नुसती त्या आवाजातली काळजी उचलली त्यांनी, ती पुन्हा वळवून म्हटली, आणखी एकदा म्हटली, आणि तिथून ते गाणं अशा ठिकाणी गेलं की मागच्या खिडकीतून इतके आषाढ ऐकूनही मी ते ठिकाण पाहिलं नव्हतं. ललिता म्हणाली, "बोलणं काढलं तर अप्पा उत्तर कुणाला देतायत?"

मला ते पटलं. अंगावर काटा आला होता माझ्या. आणि तरीही मी म्हणाले, "तरीपण... बघ ना, काढता आलं तर."

असं म्हणणारी मी. गाणं राहिलं बाजूला, चार लोक काय म्हणतील ते आधी. ललितानं अप्पांना विचारलं असणार. संध्याकाळी त्यांचा एका शब्दाचा निरोप आला: "इरलि." राहू दे.

महिना संपला आणि त्यांचे दात काढले.

यंदा उन्हाळ्याच्या शेवटी तो अल्बम आला. हल्ली आला म्हणजे फोनवर आला. खाली आभार मानलेत, समोर बसून ऐकणाऱ्या मराठी मंडळींचे. मी शाळेत गणित शिकवते. आमच्या स्टाफरूममधल्या सुमानं एक दिवस डबा खाताना तो लावला. आमच्या म्हैसूरचे मेष्ट्रु म्हणून तिला कोण अभिमान! तिसऱ्या गाण्यात आईंचा आवाज आला तशी ती हसली आणि म्हणाली, "अय्यो, ही कोण बाई? मराठी ना? तुमच्यातली का?"

मी म्हणाले, "असेल कुणीतरी."

भाताचा घास होता हातात. तो तसाच डब्यात ठेवला.

तेव्हापासून मी स्वतःलाच विचारतेय, ही लाज आहे तरी कसली? आईंनी चोरी केली नाही, कुणाला वाईट बोलल्या नाहीत. दमलेल्या माणसाला पाणी द्या म्हणाल्या. पण परमुलखात इतकी वर्षं काढली की आपल्याच माणसांचा आवाज मोठा वाटायला लागतो. बाजारात आई भाजीवाल्याशी त्यांच्या धेडगुजरी कानडीत घासाघीस करतात तेव्हा मी दोन पावलं मागं उभी राहते. बसमध्ये त्या मोठ्यानं बोलल्या की मी हळूच उत्तर देते, त्यांना ऐकू जाणार नाही हे माहीत असून. सोसायटीच्या मीटिंगला मी त्यांना नेतच नाही. हे सगळं मी त्यांच्या सोयीसाठी करते असा माझा समज होता. त्या एका वाक्यानं तो समज घालवला.

आई अधूनमधून विचारायच्या, "मास्तरांची कॅसेट आली का गं?" मी म्हणायचे, "नाही अजून." ती माझ्या पर्समध्ये, फोनमध्ये होती. शाळेत जाता-येता मी ती कानात घालून ऐकत होते. तिसरं गाणं तर पाठ झालं होतं.

मागच्या शुक्रवारी दुपारी मेष्ट्रु आणि ललिता टेकडीवरून उतरताना प्रसाद द्यायला घरी आले. मेष्ट्रुंच्या तोंडात नवी कवळी. चेहरा जरा निराळाच वाटला, कुणा भावाबिवाचा असावा तसा. आईंनी त्यांना खुर्ची दिली आणि टेकायच्या आत विचारलं, "मास्तर, कॅसेट आयता?" झाली का, असं.

मेष्ट्रु माझ्याकडे बघायला लागले. "अम्मांना ऐकवली नाही?"

ललिताही माझ्याकडे बघायला लागली. मी उठले, छोटा स्पीकर आणून आईंच्या चांगल्या कानाजवळ ठेवला. पहिलं गाणं लावता आलं असतं, दुसरं लावून वेळ मारून नेता आली असती. पण त्या दोघांच्या समोर ते करवेना. तिसरं लावलं.

आई डोळे मिटून ऐकत होत्या. गुडघ्यावर बोटं हलत होती. मेष्ट्रु खिडकीबाहेर बघत होते. मग तो श्वास आला आणि मग तो आवाज.

आईंनी खाडकन डोळे उघडले. "ही कोण भवानी मध्येच बोलतीय? एवढं चांगलं चाललंय माणसाचं! लाज कशी वाटत नाही एकेकीला!"

ललितानं स्पीकरकडे हात नेला आणि मागं घेतला. सांगायचं तर मीच सांगायला हवं होतं.

"आई, त्या तुम्हीच आहात."

"मी?" त्यांनी स्पीकरकडे बघितलं, जणू आत कुणी बसलंय. "मी अशी बोलते?" मग पदर सावरला, डोक्यावरून नीट ओढून घेतला आणि मेष्ट्रुंना म्हणाल्या, "मास्तर, चुकलं माझं. तेवढं काढून टाका हो."

अगदी माझंच वाक्य. मी ललिताला म्हणाले होते तेच. ते त्यांच्या तोंडून ऐकताना, त्यांची ती खाली गेलेली मान बघताना मला जे वाटलं ते त्या दिवशी हॉलमध्येही वाटलं नव्हतं. मी मेष्ट्रुंना त्यांचं ते म्हणणं कानडीत सांगितलं.

मेष्ट्रु कवळीशी झगडत सावकाश बोलले. "अम्मा, मला आता वाजवता येत नाही. कवळी बसवल्यापासून दोन महिने बघतोय, नुसती हवा येते. आहे ते एवढंच आहे. आणि त्यातलं सगळ्यात चांगलं तुमच्या बोलण्यामागून आलंय." मी मराठीत सांगितलं. आईंनी ऐकलं की नाही कोण जाणे. त्या माझ्याकडे वळल्या.

"तुला ठाऊक होतं?"

"हो."

"म्हणून लावलं नाहीस."

मी मान हलवली.

"लाज वाटली माझी."

त्या विचारत नव्हत्या. खोटं बोलता आलं असतं, पण त्यांच्याशी आता आणखी एक खोटं बोलायचं मला जिवावर आलं.

"वाटली, आई."

बाहेर भुरभुर चालू होती. आईंनी मांडीवरचा प्रसादाचा द्रोण नीट बाजूला ठेवला.

"वाटणारच. एवढी माणसं होती." मग स्पीकरकडे बोट करून म्हणाल्या, "परत लाव ते. या खेपेला मी बोलत नाही."

मी पहिल्यापासून लावलं. ती जागा येईपर्यंत आई दोन्ही हात तोंडावर घट्ट दाबून बसल्या होत्या.